तिण्णैवरच्या वह्या

१ जानेवारी, गुरुवार. तंजावूर.

नव्या वर्षाच्या डायऱ्या घरोघर आल्या आहेत. सराफाची, बँकेची, खतवाल्याची. मोठ्यांना त्या नको असतात, म्हणून मुलांच्या हाती पडतात. आमच्या गल्लीतल्या मुलांनी त्या मला दाखवायला आणल्या, तेव्हा मी त्या बाजूला ठेवायला सांगितल्या. छापील तारखांच्या डायरीत एक दिवस राहून गेला की ते कोरं पान मुलाला टोचत राहतं. अशी तीन पानं झाली की डायरी कपाटात जाते आणि पुढे तिच्यात धोब्याचा हिशेब लिहिला जातो. म्हणून चाळीस पानी साध्या वह्या आणल्या, बिनरेघी. तारीख ज्याची त्याने घालायची.

सहामाहीच्या सुट्ट्या अजून चालू आहेत. संध्याकाळी दिवा लावून झाला की मुलं आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारासमोरच्या दगडी कट्ट्यावर, येऊन बसतात. सगळ्यात लहान तिसरीतला, सगळ्यात मोठी दहावीतली. बरीचशी इथल्या जुन्या मराठी घरांतली, काही शेजारची तमिळ. पाव तास लिहायचं आणि घरी जायचं, एवढाच बेत.

मुलांना मी चार गोष्टी सांगितल्या. इथे कुणी लाल शाईने काही खोडणार नाही. कुणाची वही कुणी विचारल्याशिवाय उघडणार नाही. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा, नाही सुचलं तर चित्र काढा. आणि ‘सकाळी उठलो, दात घासले, आंघोळ केली’ हे लिहू नका, ते सगळ्यांचंच असतं. आज दिसलेली एक गोष्ट, कानावर पडलेली एक गोष्ट आणि मनात आलेला एक प्रश्न, एवढं पुरे.

शाळेतही मुलांकडे ‘डायरी’ असते. तिच्यात गृहपाठ, बाईंचा शेरा आणि आईबापांची सही. ती मुलाबद्दल मोठ्यांनी मोठ्यांना लिहिलेली वही आहे. मुलाचा सगळा दिवसच दुसऱ्यांनी आखलेला असतो: उठायचं कधी, खायचं काय, शिकायचं काय, खेळायचं किती वेळ. त्या दिवसातलं महत्त्वाचं कोणतं हे मुलाने स्वतः ठरवावं अशी एक तरी जागा असावी, म्हणून ही खटपट.

३ जानेवारी, शनिवार

मोठ्या चौघांना घेऊन राजवाड्यातल्या सरस्वती महालात गेले. या ग्रंथालयातल्या ताडपत्रांबद्दल आणि चित्रांबद्दल मुलांनी ऐकलेलं असतं. मराठी राजवटीच्या मोडी कागदांची १,३०० हून जास्त बासनं इथे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य इथे होतं. त्या काळातले हुकूम, देणग्या, पगार, बाजारहाट, अन्नछत्रांचा खर्च, पत्रं, असं रोजच्या व्यवहारातलं पुष्कळ काही त्या बासनांत आहे.

मुलांना मी सरफोजीराजांची गोष्ट सांगितली. १७७७ साली जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी तुळजाजीराजांना दत्तक गेला. गादीवर मात्र तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह बसले आणि हा मुलगा पहाऱ्यात राहिला. त्याला धड शिकवलंही जात नाही, अशी तक्रार श्वार्ट्झ या पाद्र्याने लावून धरली. शेवटी १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेलं, तिथे त्याचं शिक्षण झालं. १७९८ मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा कारभार काढून घेतला. राजाच्या हाती उरलं ते तंजावूरचा किल्ला, राजवाडा आणि स्वतःची जिज्ञासा. त्याने पुस्तकं जमवली, छापखाना घातला, मुलांसाठी शाळा काढल्या. इसापच्या गोष्टींचं ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याच्या छापखान्यात निघालं. त्या वेळी पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी असं काही छापलेलं नव्हतं.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते त्याच्या धन्वंतरी महालातले डोळ्यांच्या रुग्णांचे कागद. रुग्ण कोण, तक्रार काय, कोणता उपचार केला, पुढे गुण आला का, हे लिहिलेलं आणि सोबत त्या आजारी डोळ्याचं रंगीत चित्र. दोनशे वर्षांनंतर आजचे नेत्रवैद्य त्या नोंदी अभ्यासतात. याच सरफोजीने १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र बृहदीश्वराच्या आवारात दगडावर कोरून घेतलं. तो शिलालेख प्रचंड आहे आणि त्याचा अभिमान इथल्या प्रत्येक मराठी घराला आहे, मलाही आहे. पण त्या लेखात राजा जगाला जे सांगू इच्छित होता ते आहे. डोळ्यांच्या कागदांत त्याने खरोखर काय पाहिलं ते आहे. मुलांच्या वह्यांत मला हे दुसरं हवं आहे.

परतताना आठवीतल्या मुलीने विचारलं, “अक्का, ज्यांचे डोळे बरे झाले नाहीत त्यांचंही लिहिलंय का?” संध्याकाळी हाच प्रश्न तिच्या वहीत गेला.

५ जानेवारी, सोमवार

शाळा उघडल्या. तिण्णैवर आज निम्मीच मुलं.

शेजारच्या तमिळ मुलाला वाटलं, रोजनिशी ही मराठी लोकांची गोष्ट आहे. त्याला आनंदरंग पिळ्ळै यांच्याबद्दल सांगितलं. पुदुच्चेरीत फ्रेंचांकडे दुभाषी असलेला हा माणूस १७३६ पासून १७६१ मध्ये मरेपर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता. फ्रेंच गव्हर्नर डूप्लेचे बेत, जहाजं कधी आली, मालाचे भाव, दरबारातल्या मानपानाच्या कुरबुरी, सगळं तिच्यात आहे. अठराव्या शतकातला दक्षिण हिंदुस्थान कळायला इतिहासकार आजही तिच्याकडे जातात. मुलगा म्हणाला, “तो रोज लिहायचा?” रोज नाही, पण सोडलं नाही, एवढं मी सांगितलं. त्याला ते पटलं असावं, कारण लगेच त्याने कांद्याचा आजचा भाव लिहिला.

७ जानेवारी, बुधवार

आज पुष्य बहुळ पंचमी, तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजांची आराधना. इथून जेमतेम तेरा किलोमीटर. दोघी बहिणी आईबरोबर पहाटेच गेल्या होत्या. कावेरीच्या काठी शेकडो गायक एका मांडवात बसून पंचरत्न कीर्तनं एकत्र गातात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वर्णनाची गरज नाही.

थोरलीने लिहिलं ते वर्तमानपत्रात शोभेल असं: भक्तिभाव, नादब्रह्म, थोर परंपरा. धाकटी पाचवीत आहे. तिने लिहिलं की माझ्यापुढे बसलेल्या पाटींचा, म्हणजे आजींचा, हात ताल देताना थरथरत होता, पण एकदाही चुकला नाही. आणि मांडवाबाहेर चपला इतक्या होत्या की आईने आपल्या चपलांना ओळखीसाठी मोगऱ्याची माळ बांधून ठेवली. दोन्ही मला त्यांनी आपणहून वाचून दाखवलं. थोरलीचंही मी कौतुक केलं, शब्द जमवायलाही मेहनत लागते. पण त्यागराजांच्या आराधनेला ती स्वतः हजर होती, हे मला धाकटीच्या चार ओळींतून कळलं.

निबंधाने मुलांच्या हाताला थोरलीसारखं लिहायची सवय लागते. ‘माझी सहल’, ‘पावसाळ्यातला एक दिवस’ हे निबंध पुस्तकातून पाठ करून लिहिता येतात, त्यासाठी सहलीला जावं लागत नाही. रोजनिशी पाठ करता येत नाही, तिला डोळे उघडे ठेवावेच लागतात. रोज चार ओळी लिहिणारं मूल भर दुपारी थांबून बघायला लागतं, कारण संध्याकाळी लिहायचं आहे हे त्याला माहीत असतं. मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच. अक्षर सुधारतं, शब्द वाढतात, तेही खरं; ते मागून येतं.

९ जानेवारी, शुक्रवार

सहावीतला मुलगा कुरकुरत होता. लिहिण्यासारखं काही घडतच नाही म्हणे.

त्याला सालिम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला दहा वर्षांचा पोर. त्याच्या हातात छऱ्याची बंदूक होती आणि तबेल्याच्या भिंतीतल्या घरट्यात चिमणी अंड्यांवर बसलेली. बाहेर खुंटीवर बसणारा नर त्याने मारला. थोड्याच वेळात तिथे दुसरा नर हजर. आठवड्याभरात त्याने असे आठ नर टिपले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. पोराने हे लिहून ठेवलं ते शिकारीची फुशारकी म्हणून. साठ वर्षांनी पक्ष्यांच्या वागणुकीचा अभ्यास पुढे गेला तेव्हा त्या टिपणाचं मोल कळलं, आणि म्हाताऱ्या सालिम अलींना आपल्या त्या पोरवयातल्या नोंदीचा अभिमान वाटला. चिमण्या मारण्याचं समर्थन मी करत नाही, आणि मुलानेही ते आधी विचारून घेतलं. पण चिमणी ही मुंबईत दिसणारी सगळ्यात साधी गोष्ट होती, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

मग त्याने पुदु आरूचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला आहे ते लिहायला घेतलं. पुदु आरू म्हणजे कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्यातून निघालेला, बृहदीश्वराच्या जवळून जाणारा मोठा कालवा. शाळेच्या वाटेवरच आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस वाईट गेला. सातवीतल्या मुलाची वही त्याच्या आईने वाचली. तिच्यात शिकवणीच्या सरांचा राग होता, वडील त्याची भावाशी तुलना करतात त्याचं दुःख होतं. घरात बोलणी झाली. आज मुलगा आला आणि त्याने लिहिलं, ‘मी खूप अभ्यास करीन व आईवडिलांचं नाव काढीन.’ मी ते त्याच्या खांद्यावरून वाचलं नाही, त्यानेच वही माझ्यापुढे धरली. त्याचा चेहरा पाहून मला भडभडून आलं.

रात्री त्याच्या आईकडे गेले. ती म्हणाली, “अक्का, पोटच्या पोराचं वाचलं तर काय बिघडलं? काळजीपोटीच वाचलं ना.” काळजी खरीच आहे. मी तिला म्हटलं, तुला कळलं ते खरं होतं, पण उद्यापासून तुला जे वाचायला मिळेल ते तुझ्यासाठी लिहिलेलं असेल. तुला त्याच्या मनातलं आता कळणार नाही, आणि त्यालाही नाही.

गांधीजींनी आपल्या नात्यातल्या मनूबेनला रोजनिशी ठेवायला लावली होती. १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या शुश्रूषेला ती आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. ती लिहायची, बापू ते वाचून खाली सही करायचे. त्या रोजनिशा आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्या काळाची ती फार मोलाची साक्ष आहे. बापूंबद्दलचा आदर मनात ठेवूनही मला वाटतं की त्या लिहिण्यात एक सही सतत हजर आहे. आश्रमाची शिस्त निराळी होती. आपल्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला सहीविना लिहू द्यावं.

याला एक अपवाद आहे, आणि तो मी मुलांनाही स्पष्ट सांगितला. कुणी मारत असेल, अंगाला नको तसा हात लावत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते वहीत लिहून थांबायचं नाही. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगायचं. तेही जमत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत, तो फिरवायचा. प्रत्येकाने तो आकडा आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

माट्टु पोंगल, गुरांच्या पूजेचा दिवस. मोठ्या देवळातल्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, नंदीला भाज्या-फळांनी मढवलं होतं. मुलांनी भाज्यांची यादी केली आणि कुणाची यादी लांब यावर भांडली. तिसरीतल्या छोट्याला लिहायचा कंटाळा, त्याने वांगी आणि कारली लटकलेला नंदी काढला. पुरेसं आहे.

त्याआधीचे सुट्टीचे दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मी विचारलंही नाही.

२० जानेवारी, मंगळवार

दहावीतली मुलगी मार्चच्या परीक्षेने धास्तावली आहे. तिला झोप लागत नाही. वहीला वेळ नाही, असं सांगायला आली होती.

तिला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. शिकागोतले दोन मानसशास्त्रज्ञ, रामिरेझ आणि बाइलॉक, यांनी तो २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नववीच्या मुलांना जीवशास्त्राच्या परीक्षेआधी दहा मिनिटं आपल्या परीक्षेबद्दलच्या भीतीविषयी मनमोकळं लिहायला सांगितलं. ज्यांना परीक्षेची एरवी फार धास्ती वाटते अशा मुलांना त्याचा चांगला उपयोग झाला, त्यांचे गुण वाढले. दुसऱ्याच विषयावर लिहिणाऱ्यांना तसा उपयोग झाला नाही. कारण समजायला सोपं आहे. गणित सोडवताना डोक्यात एकाच वेळी फार थोडं मावतं, आणि त्यातली अर्धी जागा ‘नापास झाले तर’ याने अडवलेली असते. भीती कागदावर उतरली की ती जागा मोकळी होते.

एका प्रयोगावरून सगळं जग सिद्ध होत नाही, आणि रोजनिशी लिहून कुणी पहिला नंबर काढतो असं मी पालकांना कधीही सांगणार नाही. तसं सांगितलं की उद्या रोजनिशीचीही शिकवणी निघेल. पण झोप न लागणाऱ्या मुलीला दहा मिनिटांचा हा उपाय देऊन बघण्यात काय जातं? ती तिण्णैच्या टोकाला बसून बराच वेळ लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने ते पान फाडलं आणि तुकडे करून टाकलं. मी म्हटलं, हेही चालतं.

२४ जानेवारी, शनिवार

धाकट्या बहिणीने तिरुवैयारूचं पान पुन्हा दाखवलं. आज पहिल्यांदा ते मी स्वतः वाचायला घेतलं आणि अडखळले. ती मराठी लिहिते, पण तमिळ अक्षरांत. इथल्या मराठी घरांत हे सर्रास आहे. घरात मराठी बोलतात, शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात, देवनागरीशी संबंध आला तर हिंदीपुरता. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे ‘अम्मा खाणं विसरली’ की ‘अम्मा गाणं विसरली’ हे मला कळेना. ती हसून म्हणाली, “अक्का, खाणंच. गाणं कशी विसरेल?”

मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा या घरातली मराठी मला जुन्या बखरीतल्यासारखी वाटली होती. महाराष्ट्रापासून साडेतीनशे वर्षं दूर राहून, तमिळशी घरोबा करून ती टिकली, पण टिकली ती बोलण्यात. लिहिण्याची तिची जागा राजाच्या दफ्तराबरोबर गेली. या मुलीच्या वहीत ती पुन्हा लिहिली जाते आहे, भले तमिळ अक्षरांत. प्रमाण मराठीचा आग्रह धरणारे माझे काही स्नेही यावर नाराज होतील. मला मात्र मुलाने घरात ऐकलेला शब्द घरातल्यासारखाच लिहावा असं वाटतं. आजीच्या तोंडचा शब्द शाळेत चुकीचा ठरतो म्हणून गाळला जातो, हे कोल्हापूर-नगरच्या खेड्यांतही रोज घडतं. मुलाच्या रोजनिशीत तो शब्द जगतो, कारण तिथे कुणी तपासायला नसतं. देवनागरी मी तिला शिकवतेच आहे. ती शिकेल तेव्हा शिकेल, तोवर लिहिणं थांबायला नको.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. मुलांना लिहायला सांगणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतःही लिहावं, हे मी त्यांच्यापासून घेतलं आहे. मुलं लिहितात तेव्हा मीही ही पानं लिहिते.

२८ जानेवारी, बुधवार

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं, म्हणजे पुदु आरूत येणारं, पाणी १२ जूनला सोडायचं आणि २८ जानेवारीला बंद करायचं, ही इथली ठरलेली वहिवाट. सांबा भाताची कापणी सुरू आहे. सहावीतल्या मुलाच्या वहीत पायऱ्यांचे आकडे साचले आहेत. आता पाणी उतरायला किती दिवस लागतात ते तो पाहणार आहे. शेतकऱ्याच्या घरातला त्याचा वर्गमित्रही आपल्या शेताजवळच्या फाट्याचं पाणी लिहू लागला आहे, हे आज कळलं.

सातवीतला मुलगा पुन्हा मनातलं लिहू लागला आहे की नाही, मला माहीत नाही. तो वही मिटून घरी नेतो आणि त्याच्या आईने ती उघडलेली नाही, एवढं तिने मला सांगितलं.

ही पानं वाचणाऱ्या आईबापांना, आजी-आजोबांना माझी विनंती आहे. मुलाला एक साधी कोरी वही द्या, महागाची नको. रोज एक ठरलेली वेळ द्या आणि त्या वेळी टीव्ही व मोबाइल बंद ठेवून तुम्हीही शेजारी बसून चार ओळी लिहा. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, बक्षीस लावू नका, पाहुण्यांपुढे वाचून दाखवायला सांगू नका. मूल आपणहून दाखवील तेव्हा नीट ऐका आणि त्यातलं एखादं वाक्य लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी त्याबद्दल विचारा. ज्यांच्या माळ्यावर पणजोबांची रोजकीर्द, मोडी चोपडी, आजीच्या हिशेबाची वही पडली असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. खाली काढावी, झटकावी आणि मुलांच्या हातात द्यावी.